परडीतलं हिरवं

ज्या दिवशी माझ्या कुंडाचा आकडा केतकीच्या आकड्याखाली गेला, त्या दिवशी मी देवाला नैवेद्य दाखवायची विसरले. गुरवाच्या घरात असं व्हायला नको. आमचे हे, श्रीधर, सोवळं नेसून गाभाऱ्याच्या दारात ताटकळत उभे, हातात पळी. आणि मी सभामंडपातल्या फळ्यासमोर, नैवेद्याचं ताट तसंच कमरेवर धरून.

फळा म्हणजे खडूचा नव्हे. हातभर लांबीची काळी, उजळणारी पट्टी. त्या चैत्री अमावास्येला तिच्यावर उमटलं होतं: केतकी मिलिंद गुरव, एक्क्याण्णव. त्याखाली शुभदा श्रीधर गुरव, अठ्ठ्याऐंशी.

"एवढं काय वाचतेस? दोनच तर नावं आहेत," हे म्हणाले.

"तेच वाचतेय," मी म्हटलं.

सहा वर्षं ती पट्टी होती आणि सहा वर्षं माझं नाव वर होतं. केतकी माझी धाकटी जाऊ. मिलिंदभावजींचं घर आमच्याच आवारात, मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. अझोल्याची पहिली मूठ तिला मीच दिली होती, ओटी भरल्यासारखी, वाटीत. ती मूठ आता माझ्या डोक्यावर चढून बसली होती.

अझोला काय चीज आहे ते आधी सांगते. आमच्या तळेकोंड गावात पोरंसोरं त्याला शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे. पाण्यावर तरंगणारं नेचं आहे, डोंगरातल्या नेच्यांच्या जातीतलं. पान तिळाएवढं. त्या पानाच्या पोटात एक पोकळी असते आणि त्या पोकळीत डोळ्यांना न दिसणारे निळे-हिरवे जीव राहतात. हवेतला नत्र पकडून त्याचं खत करण्याची विद्या त्या जीवांकडे. तेच काम करायला कारखान्याला केवढी आच लागते, केवढा दाब लागतो. हे जीव ते उन्हात बसल्या बसल्या करतात. नेचं त्यांना घर देतं, ते नेच्याला जेवण देतात. लाखो वर्षं एकत्र राहिल्यामुळे त्यांची आता अशी गत आहे की पानाबाहेर काढले तर ते जगतच नाहीत. बाहेर एकट्यानं कसं राहायचं, ते विसरून गेलेत.

पूर्वी अझोला चिखलात गाडावा लागे, तो कुजला की मग भाताला खत मिळे. परदेशातून गॅस यायचा थांबला, युरियाचे कारखाने बंद पडू लागले, तेव्हा संशोधकांनी नवं वाण काढलं. त्यातले जीव जिवंतपणीच खत पाण्यात सोडत राहतात. वाणाचं नावच पाझर. भाताच्या पायाशी पाझर तरंगत ठेवला की युरियाची गोणी लागत नाही.

मेख एवढीच की पाझर बाटलीत भरता येत नाही. त्या जिवांना नेच्याबाहेर काढता येत नाही, आणि नेच्याला आमच्या वैशाखातून जिवंत काढणं म्हणजे तापाच्या पेशंटला अंगाखांद्यावर वागवणं. पाणी तापलं की तांबूस होतो, मुळं गाळतो आणि संपतो. म्हणून गावोगाव बियाण्याची कुंडं आली. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वीतभर खोल खड्डा, आत निळा प्लॅस्टिकचा कागद, चाळलेली माती, शेणकाला, वर हिरवी जाळी. लावणीपर्यंत कुंड तगलं तर गावाला भात. नाही तगलं तर जिल्ह्याच्या बियाणे-केंद्राच्या यादीत नाव लावायचं, आणि ती यादी दोन वर्षं पुढची. शेजारच्या वाडीनं गेल्या साली पिवळा, खुजा भात कापला तो आम्ही पाहिला होता. म्हणून केंद्राचा नियम: प्रत्येक गावात दोन कुंडं, दोन वेगळ्या घरांत.

प्रत्येक कुंडात केंद्रानं एक कासव सोडलेलं. खरं नव्हे, ताटलीएवढं यंत्र, पाठीवर सूर्याची पट्टी, पोटाला काच. कुंडभर फिरत काचेखाली आलेल्या पानांचा रंग, पाण्याची उष्णता, आंबटपणा ते बघतं आणि शंभरातला आकडा देवळातल्या पट्टीवर पाठवतं.

यंत्र नवं आलं तशी गावात रीतही नवी आली. वैशाखात आमच्या सोमेश्वराचा सप्ताह होतो. शेवटच्या दिवशी, द्वादशीला, सकाळी जांभळेकरबुवांचं कीर्तन. पूर्वरंग संपला की मध्यंतरात बुवांना बुक्का लावून हार घालायचा, तो पूर्वी सरपंच घालत. पाझर आल्यापासून तो मान ज्याचा आकडा वर, त्याला. माझे वडील कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून झील ओढायचे. त्यांच्या मांडीवर बसून मी अक्षरओळख व्हायच्या आधी आर्या आणि साक्या शिकले. सोन्याची पाटली दिली असतीत तरी मला त्या हाराइतकी हौस वाटली नसती.

आणि केतकीला हाराचं काही नव्हतं, हे जास्त लागायचं. ती आंघोळीआधी कुंडात हात घाली. काठावर बसून भावाशी फोनवर तासभर बोले, हसे, आणि बोलता बोलता प्लॅस्टिकच्या मगानं पाणी शिंपडे. मी मात्र सोवळ्यातल्यासारखी वागायची. फाल्गुनात तिचा आकडा माझ्या शेपटीला लागला तेव्हा मी देवापुढे बोलले, की पाडव्यापासून रोज अभिषेकाचं तीर्थ तुझ्या या हिरव्या लेकराला घालीन, पण मला खाली पाहायला लावू नकोस.

तेव्हापासून रोजचा नेम. यांनी केलेल्या अभिषेकाचं दूध, दही, मध, पाणी सगळं मी तांब्याच्या घंगाळात धरून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना कुंडात ओतायची. ते घंगाळ आतून असं लखलखीत निघे की मला वाटे, देव पावतोय. चिंच लावून घासायचं कामच उरलं नव्हतं.

आणि आकडा उतरतच गेला. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी. चौऱ्याहत्तर.

*

"वहिनी, तुमचा थोडा तांबूस दिसतोय," एक दिवस केतकी गडग्यावर कोपरं टेकून म्हणाली. "माझ्यातला न्या ना थोडा. नवीन सोडा."

"नको गो. तुझा तुला राहू दे."

"माझा काय नि तुमचा काय. दिला होतात तर तुम्हीच."

"दिला होता, म्हणून परत मागायचा नसतो," मी म्हटलं. "आणि माझा तांबूस नाही. उन्हाची तिरीप पडल्ये."

"जाळी तर डबल लावल्येत."

"तुझं लक्ष माझ्या जाळीवर बरं असतं."

ती हसली. तिला लागलंच नाही. माणसाला टोमणा मारावा आणि तो त्याच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून जावा, यासारखा दुसरा अपमान नाही. मी आत येऊन यांना म्हटलं, "तिनं काहीतरी केलंय."

"कुणी?"

"तुमच्या भावजयीनं. नजर लावली असेल. नाहीतर एकाच विहिरीचं पाणी, एकाच गोठ्याचं शेण, आणि तिचा वाढतो नि माझा झुरतो, असं कसं?"

हे जानवं नीट करत म्हणाले, "झाडाला हेवा कळत नाही, शुभदा."

"मला कळतो ना," हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "पोळ्या वाढू का?"

*

आमच्या परसात जास्वंद नाही. लग्न होऊन आल्यापासून मी पूजेची फुलं गडग्याच्या खिंडीतून पलीकडे जाऊनच आणते. तिकडे कुंपणाला जास्वंद, तगर, अनंत. आणि कुंपणाला लागूनच केतकीचं कुंड.

वैशाख शुद्ध सप्तमीला दुपारी सगळे लवंडले होते. मी परडीत चहाची गाळणी घेऊन गेले. तगर तोडली, इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि गाळणीभर पाझर उचलला. हिरवागार, मखमलीसारखा, खाली लोंबणारी लांब मुळं. परडीत तळाला घातला, वर फुलं पसरली. देवाच्या फुलांखाली चोरीचा माल. हात थरथरले असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही थरथरले. उलट बरं वाटलं.

कासवाची काच तळहाताएवढीच. मी बांबूच्या कांबींची चौकट करून कासव कोपऱ्यात अडकवलं आणि त्याच्या पोटाखाली ती हिरवी मखमल सोडली. बाकीचं कुंड विटक्या गोणपाटाच्या रंगाचं, पण कासवाला पोटाखालचंच दिसतं. दुसऱ्या सकाळी फळ्यावर ब्याऐंशी.

मात्र चोरलेला पाझर माझ्या पाण्यात तीन दिवस टिकेना. दुसऱ्या दिवशी कडेनं तांबूस, तिसऱ्या दिवशी मुळं गळालेली. की पुन्हा परडी, पुन्हा गाळणी. यांनी एकदा परडी उचलली तर पाणी ठिबकत होतं.

"जास्वंदी आजकाल फार रडतात वाटतं," हे म्हणाले.

"धुऊन आणल्यात."

"झाडावरच?"

यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे असं न विचारणं मला अजून छळतं.

केतकीच्या कुंडाला एवढ्या उचलण्यानं काही होत नव्हतं. पाझर चार दिवसांत दुप्पट होतो. उलट फळ्यावर माझा आकडा चढला तशी ती धावत आली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? तुमच्या हाताला गुण आहे, वहिनी. काय केलंत?"

"तीर्थ घालते," मी म्हटलं. तेवढं एक खरं होतं.

*

द्वादशीच्या सकाळी फळ्यावर मी ब्याण्णव, ती नव्वद.

जरीकाठी लुगडं नेसून मी घराबाहेर पडले तेव्हा आवारात कुणी नव्हतं. सगळा गाव देवळात; केतकी पहाटेपासूनच महाप्रसादाच्या चुलीपाशी. खिंडीपाशी आले तर केतकीची रेडी, चांदी, दावं ओढत मोकळी फिरत होती. ऊन दहालाच भाजत होतं. रेडीला काय हवं असतं उन्हात? पाणी. तिनं नाक वर करून कुंडाच्या दिशेनं हुंगलं.

मी थांबले. दावं धरायला दहा पावलं चालायची होती. देवळात पखवाजावर थाप पडलेली ऐकू आली. मनात आलं, लुगड्याला शेण लागेल. मग आलं, तिची रेडी, तिचं कुंड, तिनं बघावं. आणि मी चालू लागले.

बुवांनी त्या दिवशी निरूपण मत्सरावर लावलं होतं. कुणी सांगितलं असेल का, असं वाटून मी पदर पुढे ओढला. बुवांनी टाळांची जोडी उचलली.

"हे दोघे सख्खे भाऊ," ते म्हणाले. "वरच्याला वाटतं, मी पडतो म्हणून नाद होतो. खालच्याला वाटतं, मी झेलतो म्हणून होतो. एकदा वरचा रुसला. म्हणाला, मी एकटाच वाजून दाखवतो." बुवांनी खालचा टाळ खाली ठेवला आणि वरचा दोरीनं धरून जोरजोरात हवेत हापटला. मंडपात चिडीचूप. "काय ऐकलंत? वारा. उकाड्यात तेवढाच उपयोग."

मंडप हसला. मीही हसले. मध्यंतरात मी बुवांना बुक्का लावला, हार घातला, नारळ घेतला. बुवा वाकून हलकेच म्हणाले, "माउली, गावाचं पोट तुमच्या ओंजळीत आहे." एरवी मी त्या वाक्यावर वर्षभर जगले असते. त्या दिवशी उत्तररंगात बुवा काय गायले ते मला सांगता येणार नाही. माझ्या कानात चांदीचं नाक हुंगत होतं.

*

कीर्तन संपून आरती झाली आणि मिलिंदभावजी घराकडून धापा टाकत आले.

चांदी कुंडात बसली होती. बसली, लोळली, उठताना तिच्या खुरांनी कागद टरकावला. पाणी जमिनीत जिरलं. जाळी एका बाजूनं कोसळली आणि भर बाराच्या उन्हात पाझराचा थर कागदावर वाळून चुरमुऱ्यासारखा झाला. भावजींनी मूठभर आणला होता. हातात चुरला, भुगा झाला.

केतकी हातातलं वाढपाचं पातेलं खाली ठेवून बसली. रडली नाही. नुसती त्या भुग्याकडे बघत राहिली.

"दावं मीच बांधलं होतं," ती म्हणाली. "घाईत बांधलं असेन."

सरपंचांनी केंद्रातल्या निदा मुकादमबाईंना फोन लावला. बाई तरुण, सहा वर्षांपूर्वी आमची कुंडं तिनंच मांडून दिलेली. फोनमधून म्हणाली, "घाबरू नका. म्हणून तर दोन ठेवतो आपण. शुभदाकाकूंचं ब्याण्णव आहे इथे. संध्याकाळी त्यातलं अर्धं केतकीताईंकडे द्या, झालं."

सगळे माझ्याकडे वळले. केतकी उठली, माझ्याजवळ आली आणि वाकून पाया पडली. "वहिनी, तुमच्यामुळे वाचलो," ती म्हणाली. "मी नेहमी म्हणते यांना, वहिनींच्या हातात आहे ते माझ्यात नाही."

सहा वर्षं हे ऐकायला माझा जीव आसुसला होता.

मी कुंड बघून येते म्हणून घरी निघाले. खिंडीत चांदी, अंगभर वाळलेला चिखल, शांतपणे रवंथ करत होती. तिच्याकडे मला बघवेना. जाळी उचलली. चौकटीत सकाळीच आणलेला पाझर होता. दोन मुठी. तळेकोंडात जिवंत तेवढाच उरला होता. त्याच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ आताच दिसत होती.

कासव आपलं हलत होतं, त्याचा हिरवा दिवा मिचमिचत होता. ब्याण्णव म्हणत होतं ते.

मी काठावर बसून विचार केला, आणि तो कुणाला सांगावासा नाही, पण सांगते. गप्प राहायचं. संध्याकाळी यातलाच अर्धा तिला द्यायचा, ऊन लागलं म्हणायचं, तिच्याकडे जगला तर जगला. नाही जगला तर दोघींचा गेला, एकटीचा नव्हे. हार कुणी परत मागत नाही. एवढंही म्हणता येईल, की माझं शेवटपर्यंत ब्याण्णव होतं, तिच्याकडे गेल्यावर मेला.

पण माझ्या पाण्यात तो का मरतो हे मला ठाऊक नव्हतं. ते शोधायचं तर कुणाला तरी ते पाणी दाखवायला हवं, आणि पाणी दाखवायचं तर सगळंच दाखवायला हवं. अर्धा अर्धा करत बसले तर चार दिवसांत दोन मुठींची एक होईल, आणि मग शून्य. दोनशे उंबऱ्यांचा भात माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत गुंडाळलेला.

समोर परडी पडली होती. मी चौकट उचलली, गाळणीनं दोन्ही मुठी परडीत घेतल्या, विहिरीच्या पाण्यानं परडी खळखळून धुतली आणि देवळाकडे चालू लागले. यावेळी वर फुलं घातली नाहीत.

*

पंगत बसली होती. केतकी भात वाढत होती. मी परडी तिच्यापुढे धरली, सकाळी मिळालेला मानाचा नारळ परडीच्या काठाशी टेकवला.

"हे घे. हे तुझं."

"अर्धं ना?" ती म्हणाली. "संध्याकाळी घेतलं असतं, वहिनी, तुम्ही उन्हातून—"

"अर्धं नाही. सगळं. आणि माझ्यातलं नाही, तुझ्यातलंच. मी चोरत होते." पंगतीतला भुरक्यांचा आवाज थांबला. मी मान वर केली नाही. "माझा केव्हाच मेला. कासवाखाली तुझा ठेवत होते. फुलांच्या परडीतून."

"किती दिवस?"

"शुद्ध सप्तमीपासून."

कोपऱ्यातून कुणी तरी "म्हणजे ब्याण्णवचा आकडाही धाकट्या जाऊबाईंचाच" असं म्हणालं, कुणी तरी त्याला दटावलं. आमचे हे ताक वाढत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

केतकीनं परडी घेतली. जोरात काही नाही, पण माझ्या हाताला हात लागणार नाही अशी घेतली. तिथलीच एक निळी बादली उपडी करून धुतली, विहिरीचं पाणी ओतलं, पाझर सोडला, मंडपाच्या सावलीत ठेवला. मग म्हणाली, "पाणी कुठलं घालत होतात?"

"विहिरीचंच."

"आणि?"

"तीर्थ."

"कशातून?"

"घंगाळातून. तांब्याच्या. रात्रभर ठेवून."

तिनं फोन उचलला. निदानं सगळं ऐकलं, मध्ये दोनदा "थांबा, दही? दही तांब्यात?" असं विचारलं, आणि मग तिचा सुस्कारा आम्हा दोघींना ऐकू आला. आंबटानं तांबं विरघळतं, ती म्हणाली. तुमचं घंगाळ रोज थोडं थोडं त्या तीर्थात उतरत होतं, म्हणून तर ते आतून लखलखत होतं. माणसाला एखादी पळी घेऊन काही झालं नसतं, पण निळ्या-हिरव्या जिवांना तांबं म्हणजे विष. तळ्यातलं शेवाळ मारायला तेच वापरतात. पानातले जीव मेले, की घरातलं माणूस गेल्यावर घर जसं खचतं तसं नेचं खचतं. आणि कासवाला तांबं मोजता येत नाही.

"काकू," निदा म्हणाली, "देवानं काही केलं नाही हो. भांड्यानं केलं."

भांड्यानं नाही, हे मला ठाऊक होतं. पाडव्याआधी सहा वर्षं मी कधी तीर्थ घातलं नव्हतं. केतकीचा आकडा जवळ आला नसता तर घातलंही नसतं.

"अजून एक आहे," मी केतकीला म्हटलं. आता पंगत पुन्हा सुरू झाली होती. हे तिला एकटीलाच सांगायचं होतं, आणि तेच जास्त कठीण होतं. "दावं तू सैल बांधलं असशील. पण चांदी मोकळी फिरताना मी बघितली होती. कीर्तनाला येताना. आणि तशीच आले."

चोरीचं सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग आला होता. आता तोही गेला. ती वळून भात वाढायला निघून गेली.

*

दोन मुठी. चार दिवसांनी चार, आठ दिवसांनी आठ. केतकी ती बादली घेऊन ओसरीवर झोपे. बादलीचा टब झाला, टबाचं नवं कुंड, कुंडाची दोन. ज्येष्ठ सरताना तिनं खाचरात पाझर सोडला तेव्हा आख्खं गाव बांधावर उभं होतं. मीही होते, मागे.

त्या सगळ्या दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. चोरीची गोष्ट तिनं त्याच दिवशी मनातून सोडून दिली, हे मला भावजींकडून कळलं. रेडीचं मात्र तिला गिळता येत नव्हतं. मी फुलं आणायला खिंडीतून जायची बंद झाले. देवाला तुळशीवर भागवलं. तीर्थ माडाच्या आळ्यात घालते. घंगाळ आता आतून काळवंडतं, चिंच लावून घासावं लागतं. माझं कुंड निदानं येऊन उपसायला लावलं. माती, कागद सगळं नवं. त्यात नुसतं पाणी होतं आणि पाण्यावर कासव, शून्य म्हणत.

एका सकाळी मी ओसरीवर वाती वळत होते. केतकी खिंडीतून आली, खुंटीवरची माझी परडी काढली आणि परत गेली. मला वाटलं, आता परडीही जप्त. थोड्या वेळानं आली आणि परडी माझ्यापुढे ठेवली. वर लालभडक जास्वंदी. पाणी ठिबकत होतं.

मी फुलं बाजूला केली. खाली हिरवी मखमल.

"नियम आहे, दोन घरांत ठेवायचा," ती म्हणाली.

"हातात दिला असतास तरी चाललं असतं."

"तुम्हाला फुलांखालून न्यायची सवय आहे ना. म्हटलं, सवय मोडू नये." आणि हसली नाही, पण ओठ दाबले. "मगानं घाला हं पाणी. प्लॅस्टिकच्या. माझा जुना आहे, आणू?"

"आण," मी म्हटलं.

चार दिवसांनी नैवेद्याचं ताट घेऊन देवळात गेले. हे गाभाऱ्यात वाट बघत होते. मी आधी पाट मांडला, ताट ठेवलं, पाण्याचं मंडल केलं, हात जोडले. मत्सर गेला असं म्हणणार नाही. देवासमोर खोटं कशाला बोला? डोळे मिटायच्या आधी मान एकदा फळ्याकडे वळलीच. केतकी चौऱ्याण्णव. शुभदा एकोणचाळीस.

पण सप्तमीनंतर पहिल्यांदा, ते एकोणचाळीस माझंच होतं.